राइड विकू नका, रायडरची अडचण सोडवा



बाईकवेड्या मंडळींकडून मला एक प्रश्न हमखास येतो. "सर, पंधरा वर्षं गाडी चालवतोय. लडाख झालं, स्पिती झालं, कोकण तर तोंडपाठ आहे. आता नोकरी सोडून टूरिंगचा बिझनेस टाकायचाय. लोन काढू का?"

माझं मत सरळ सांगतो. राइड विकण्यासाठी लोन काढू नका. तुमची आवड खोटी आहे असं नाही. उलट ती इतकी खरी आणि इतक्या जणांना आहे, की तिथेच धंद्याची अडचण होते.

बघा, जे काम लोक हौसेने फुकट करतात, त्याला भाव मिळत नाही. बुलेटवाल्यांचे, जावा-येझदीवाल्यांचे ग्रुप आज गावोगावी आहेत. पहाटे किती वाजता निघायचं, नाश्ता कुठे, पुढे कोण, शेवटी कोण, हे सगळं ठरवणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. तो एक रुपयाही घेत नाही, कारण त्यालाही तुमच्याइतकंच वेड आहे. तुमचा खरा स्पर्धक तो आहे. त्याच्यापेक्षा कमी रेट तुम्ही देणार तरी कसा?

आधी कागदावर हिशेब मांडा

समजा, तुम्ही तीन दिवसांची कोकण राइड काढली. 8 रायडर, प्रत्येकी 6,000 रुपये. जमा झाले 48,000. राहणं-जेवण माणशी 3,500 धरलं तर 28,000 गेले. सामान आणि बंद पडलेली बाईक उचलायला मागून टेम्पो, ड्रायव्हर आणि डिझेल धरून 10,000. मेकॅनिकचे 4,000. तुमचं स्वतःचं पेट्रोल, मुक्काम, फोन मिळून 4,000. हातात उरले 2,000 रुपये.

आता आदल्या रात्री एकाने कॅन्सल केलं. त्याचे 6,000 परत द्यावे लागले. त्याच्या राहण्या-जेवणाचे 3,500 पूर्ण वाचले असं धरलं, तरी 500 रुपये तुमच्याच खिशातून गेले. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला, पण हिशेब असाच करा. आणि वर्षात शनिवार-रविवार 52च येतात, त्यातले सगळे काही भरत नाहीत.

"मग बाईक भाड्याने देतो," असं कुणी म्हणेल. जरूर द्या, पण कायद्याने द्या. केंद्र सरकारची 1997ची रेंट अ मोटरसायकल स्कीम आहे. त्यात लायसन्स लागतं, परमिट असलेल्या किमान 5 गाड्या लागतात. म्हणून तर गोव्यात भाड्याच्या बाईकला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं दिसतात. घरची पांढऱ्या पाटीची गाडी मित्राच्या मित्राला पैसे घेऊन दिली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. तेव्हा कोर्टाच्या चकरा कोण मारणार? तुम्हीच.

मग पैसा कुठे आहे?

जे काम कुणी हौसेने करत नाही, तिथे.

दाभोळची फेरीबोट घ्या. सागरी रस्त्याने दापोलीहून गुहागरला जाणाऱ्या रायडरला मध्ये वाशिष्ठीची खाडी आडवी येते. रस्त्याने वळसा घालायचा तर बराच वेळ जातो. बोटीत बाईक चढवली की थोड्याच वेळात पलीकडे धोपावे. ही सेवा एका खासगी कंपनीची आहे. समुद्र बघायचे पैसे रायडर कुणाला देत नाही, पण वळसा वाचवायचे पैसे आनंदाने देतो.

रॉयल एनफिल्डची हिमालयन ओडिसीही तशीच. रस्ता सरकारचा, बाईक रायडरची. तरी लोक फी भरून जातात. कशासाठी? तर मुक्काम ठरलेला आहे आणि गाडी बंद पडली तर मेकॅनिक मागे आहे, या भरवशासाठी. घाट कुणाच्या मालकीचा नसतो, भरवसा मात्र विकता येतो.

वस्तूंचंही तेच. बेळगावची वेगा हेल्मेट बनवते, मुंबईची रायनॉक्स रायडिंगचे जॅकेट आणि ग्लोव्ह्ज बनवते. एक डोकं सांभाळते, दुसरी अंग.

"पण सर, आमच्याकडे कारखान्याएवढं भांडवल कुठंय?" नसू दे. तुमचं भांडवल म्हणजे ती पंधरा वर्षं. सॅडल बॅग कुठे घासते, भिजलेलं जॅकेट हॉटेलच्या खोलीत का वाळत नाही, सकाळी सहाला टपरी उघडी नसली की काय हाल होतात, हे एमबीए झालेल्याला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.

म्हणजे किनाऱ्यावर आईवडिलांचं घर असेल आणि तिथे होमस्टे चालवत असाल, तर पाटीवर एवढंच लिहा: बाईक शेडखाली, जॅकेट वाळवायला जागा, चेन साफ करायला ब्रश आणि ल्यूब, सकाळी साडेसहाला चहा-पोहे. खर्च काही हजारांत. हायवेलगत पंक्चरचं दुकान असेल, तर ट्यूबलेसचं सामान, क्लच केबल आणि लिव्हर ठेवा आणि रविवारी दुकान बंद ठेवू नका. शिवणकाम येत असेल, तर सॅडल बॅगेवर घालायचे पावसाळी कव्हर शिवा. आधी दहाच शिवा आणि ग्रुपमधल्या दहा जणांना विका. फुकट वाटू नका. पैसे देऊन कुणी घेतलं, तरच ती गरज खरी.

आणखी एक सांगतो. राइड लीडर झालात की तीन दिवस नजर आरशात राहते. मागचा आला का, कुणी पडलं का? शेजारचा समुद्र दिसतही नाही. ज्यासाठी नोकरी सोडली, तेच हातातून जातं. आवड जपायची असेल तर ती रविवारी आपल्या पैशाने करा. सोमवार ते शनिवार, त्या आवडीने शिकवलेलं विका.

आता गृहपाठ. गेल्या पाच राइड आठवा. कुठे अडलात, कुठे चिडलात, कुठे मनात आलं की "आत्ता इथे कुणी असता तर दुप्पट पैसे दिले असते"? ते वहीत लिहा. एकच गोष्ट तीनदा आली, तर तिथे धंदा आहे. लोनचा विचार त्यानंतर.