आधी उन्हात वाचून दाखवा

‘मृदू पेस्टल बॅकग्राउंड आणि एकच उबदार ॲक्सेंट.’ नोकरीला लागल्यापासून जवळपास प्रत्येक डिझाइन रिव्ह्यूमध्ये हे वाक्य ऐकतोय. लॅव्हेंडर, पुदिन्याचा फिकट हिरवा, पीच. त्यावर कोरल रंगाचं बटण. पुण्यातल्या एसीत, महागड्या मॉनिटरवर हे सुरेख दिसतं. मीही मान डोलावलीय, कोडही लिहिलाय. तेव्हा पुढची तक्रार माझ्याविरुद्धसुद्धा आहे.

असंच एक ॲप आम्ही शेतकऱ्यांसाठी केलं होतं, बियाणं बुक करायचं. धुळे जिल्ह्यातल्या माझ्या मामांनी मे महिन्यात त्यावर कपाशीचं बियाणं बुक केलं, म्हणजे केलं असं त्यांना वाटलं. कोरल बटणाखाली फिकट राखाडी अक्षरांत ओळ होती: ‘बुकिंग पूर्ण झालेलं नाही.’ पेरणीच्या तोंडावर हवं ते वाण मिळालं नाही, दुकानात उरलं होतं ते घ्यावं लागलं. नंतर मी गावी गेलो, तेव्हा निंबाखाली बसून त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. ‘आठे काय लिखेल शे रे भो? माले ते काहीच दिखस नही.’ दुपारच्या उन्हात मलाही दिसलं नाही. ती ओळ मीच लिहिली होती.

ऑफिसात हे सांगितलं की उत्तर येतं, ‘रंग ही आवडीची गोष्ट आहे.’ आवड असेल तर असो, पण वाचता येणं मोजता येतं. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी या मानकानुसार साध्या मजकुराचा काँट्रास्ट किमान ४.५ हवा. सीएसएसमधल्या ‘कोरल’वर पांढरी अक्षरं टाकली तर तो भरतो २.५. ‘लॅव्हेंडर’वर कोरल अक्षरं टाकली तर जेमतेम २. म्हणजे आमचा लाडका ॲक्सेंट घरातसुद्धा नापास.

उन्हात तर विचारूच नका. त्या सूत्रात दोन्ही रंगांच्या प्रकाशमानात ०.०५ मिळवतात, काचेवरून परतणाऱ्या आसपासच्या उजेडाचा तो हिशेब. खोलीत तो ठीक आहे. बांधावर समजा तो दसपट, म्हणजे ०.५ झाला, तर पांढऱ्यावरच्या काळ्या अक्षरांचा काँट्रास्टही २१ वरून ३ वर येतो. मग लॅव्हेंडरवरच्या कोरलचं काय होणार? दीड. ज्या जळगाव-धुळ्यात उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, तिथल्या माणसांसाठी आम्ही अशी अक्षरं बनवतो आणि त्याला ‘सौम्य’ म्हणतो.

दुसरं उत्तर जास्त चीड आणणारं आहे: ‘गावाकडच्या लोकांना भडकच आवडतं, त्यांना पेस्टल कळत नाही.’ माझ्या आजीच्या घराच्या भिंती कोणत्या रंगाच्या होत्या? चुन्यात चिमूटभर नीळ घालून दिलेला अगदी फिकट निळसर पांढरा, आणि खाली हातभर गेरूचा पट्टा. मृदू पेस्टल, एकच उबदार ॲक्सेंट! फरक इतकाच की त्या पट्ट्याला काम होतं. पावसात उडणारा चिखल तो अंगावर घ्यायचा. फिकट भिंत उजेड परतवायची, गेरू मळ झाकायचा. कोणाला काय करायचंय हे ठरलेलं होतं.

गेरूला रंग येतो लोहाच्या ऑक्साइडमुळे. सीएसएसमधला ‘सिएना’ हा रंगही इटलीतल्या तशाच मातीवरून आला. तो लॅव्हेंडरवर ठेवा: काँट्रास्ट ४.५६, पास. म्हणजे पेस्टल सोडायचीही गरज नाही, ॲक्सेंट भाजक्या मातीइतका गडद केला की झालं. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठ्यात चित्रकारांनी हेच जाणलं होतं. गुहेतल्या अपुऱ्या उजेडात फिकट चेहरे ओळखू येतात ते भोवतीच्या गडद रेषेमुळे.

हा नुसता सौंदर्याचा वाद नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तो खटला ॲसिडहल्ला सोसलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या ई-केवायसीच्या अडचणींवरून उभा राहिला होता. पण ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी बांधलेली वाट, ज्याला उन्हात दिसत नाही त्यालाही उपयोगी पडते.

म्हणून माझी एकच अट आहे. पेस्टल हवं तेवढं वापरा, भिंतीला वापरा. अक्षरांना, बटणांना, इशाऱ्यांना नको. आणि पुढचा रिव्ह्यू कॉन्फरन्स रूममध्ये घेऊ नका. आठ-दहा हजारांचा, काच चरे पडलेला फोन घ्या, मे महिन्यात दुपारी दोनला धुळ्याच्या एसटी स्टँडबाहेर उभे राहा आणि आपलीच स्क्रीन मोठ्यानं वाचून दाखवा. जे वाचता येणार नाही, ते बदला. मामांनी ॲप केव्हाच काढून टाकलंय. यंदा ते दुकानदाराच्या वहीत नाव लिहून आले, निळ्या पेननं.