तलावाचा नळ आणि पंपाचे श्रम

घाटमाथ्यावरच्या रहिवाशांस नळाचें माहात्म्य नव्यानें सांगावयास नको. वळवण, लोणावळा व शिरवता येथील जलाशयांचें पाणी प्रचंड नळांतून सुमारें 1,700 फूट खालीं खोपोलीस उतरवून टाटांच्या कंपनीनें 1915 सालीं तेथें वीज निर्माण केली. तेथें उंचीच पाण्याला बळ देते. पण लोणावळ्याच्या आणि पवनाकांठच्या बंगल्यांच्या आवारांत आज जे पोहण्याचे तलाव झाले आहेत, त्यांचा न्याय अगदीं निराळा आहे; आणि तो ठाऊक नसल्यामुळें गृहस्थांचा पैसा व्यर्थ जातो, क्वचित् जीवावरही बेततें. म्हणून या सदरांत आज त्याचाच विचार करूं.

तलावांतील पाणी पंप ओढून घेतो, वाळूच्या गाळणींतून लोटतो आणि पुनः त्याच तलावांत सोडतो. ज्या पातळीवरून पाणी निघालें, त्याच पातळीवर तें परत आलें. म्हणजे एकंदरींत पाणी वर चढविण्याचें काम पंपास करावेंच लागत नाहीं. मग विजेचें बिल येतें तें कशाचें? पंपाची स्वतःची तूट सोडली तर तें घर्षणाचें: नळाच्या अंगाशीं, वळणांशीं आणि गाळणींतील वाळूशीं पाण्याचा जो झगडा चालतो, त्याचें.

पाणी मंद वाहतें, हिरवट दिसूं लागलें, कीं बहुधा सल्ला मिळतो, ‘पंप मोठा बसवा.’ अरुंद दारांतून वऱ्हाड लौकर बाहेर पडावें म्हणून मागून रेटण्यासारखाच हा उपाय! आधीं दार रुंद करावें हें शहाणपण. नळाचा व्यास दुप्पट केला तर पोट चौपट होतें. परंतु त्याच दाबानें पाणी मात्र सुमारें सहापट वाहतें, कारण रुंद नळांत अंगाला घासून जाणाऱ्या पाण्याचें प्रमाण कमी होतें.

एक उदाहरण घेऊं. 30 फूट लांब, 15 फूट रुंद व सरासरी साडेचार फूट खोल अशा तलावांत सुमारें 57,000 लिटर पाणी मावतें. तें 6 तासांत एकदां गाळून निघावयाचें तर मिनिटास सुमारें 160 लिटर पाणी वाहिलें पाहिजे. दीड इंची नळांत त्यासाठीं पाण्याला सेकंदास जवळजवळ 7 फूट वेगानें धांवावें लागतें. ओढीच्या बाजूस 6 फुटांहून अधिक वेग नसावा असा या धंद्यांतील संकेत आहे. दोन इंची नळ घातला कीं वेग 4 फुटांवर येतो आणि घर्षण जवळजवळ एक तृतीयांश उरतें.

तथापि लगेच कुदळ उचलूं नये. प्रथम गाळणी धुवून तिच्यावरील दाबमापकाचा कांटा पाहावा. गाळणी स्वच्छ असूनही कांटा उंच राहत असेल, तर अडचण परतीच्या नळांत आहे. कांटा खालींच राहून पंपांत हवेचे बुडबुडे दिसत असतील, तर बहुधा ओढीचा नळ कोंडला आहे किंवा कोठें तरी हवा शिरते आहे. पंपघरांतील चार हात नळ बदलून भागत नाहीं. जमिनीखालचा लांब नळ अरुंदच राहिला तर खर्च बहुतेक वांया जातो. जुना नळ उकरणें अवघड असेल, तर त्याच्या शेजारून दुसरा तेवढाच नळ न्यावा. पाणी निम्में निम्में वांटलें गेलें कीं प्रत्येकांतील घर्षण चतुर्थांशाच्या जवळ येतें. काटकोनी वळणांऐवजीं लांब बाकाचीं वळणें घ्यावीं. गाळणीवर जो कमाल प्रवाह लिहिलेला असतो, तो मात्र ओलांडूं नये. वेगानें गेलेलें पाणी नीट गाळलें जात नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ओढीचा नळ रुंद केला म्हणजे तळाच्या जाळीशीं ओढही वाढूं शकते. तळाशीं एकच जाळी असेल आणि ती मुलाच्या अंगानें झांकली गेली, तर पंपाची सारी ओढ त्या मुलावर येते, आणि बळकट माणसासही त्यास सोडवितां येत नाहीं. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात 2002 सालीं अशाच ओढीस बळी पडली; त्यानंतर 2007 सालीं तेथें सुरक्षित जाळ्यांचा कायदा झाला. म्हणून ओढीच्या दोन जाळ्या निदान तीन फूट अंतरावर असाव्यात, त्या एकाच नळास जोडाव्यात, नव्या प्रवाहास पुरतील अशा असाव्यात आणि स्क्रूनें घट्ट बसवाव्यात. पंपाचें बटण तलावाजवळ, सर्वांस ठाऊक असलेल्या जागीं असावें.

सुटींत मुलाबाळांसह भाड्याच्या बंगल्यावर उतरणाऱ्या कुटुंबांनींही सामान सोडण्यापूर्वीं ही जाळी आणि हें बटण पाहून घ्यावें. जाळी फुटकी किंवा सैल दिसली तर पंप बंद करवावा आणि मुलांस पाण्यांत उतरूं देऊं नये. मुलांचा थोडा वेळ हिरमोड होईल, तो पत्करावा.