समुद्राच्या बांधावरून एक फेरी



सकाळी उठून बांधावरून एक फेरी मारायची सवय तुम्हा सर्वांनाच असते. कुठे बांध फुटला, कुठे उंदराने बीळ पाडले, शेजाऱ्याचा नांगर हातभर आत तर आला नाही ना, हे त्या फेरीत समजते. घरात बसून ते समजत नाही. आज मी तुम्हाला अशाच एका फेरीला नेणार आहे. मात्र हा बांध समुद्राचा आहे, आणि इथला शेजारी दिवसातून दोन वेळा बांधापर्यंत येऊन धडका देणारा आहे.

गाव आहे रत्नागिरी. माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षे या तालुक्यात गेली. पुढे बदली होऊन घाटावर आलो, तरी दोन-तीन वर्षांतून एकदा शेतकऱ्यांची सहल घेऊन मी तिथे जातो. हापूसच्या बागा पाहून झाल्या की मंडळींना एक सकाळ पायी चालवतो. साधारण दहा-बारा किलोमीटरची फेरी होते. निघालो तिथेच परत येतो, म्हणून आमच्यातली म्हातारी माणसे तिला प्रदक्षिणा म्हणतात.

निघण्याआधी एक हिशेब. समुद्रकाठी चालायचे तर भरती-ओहोटीची वेळ माहीत हवी. त्यासाठी घड्याळापेक्षा तुमच्या भिंतीवरचे पंचांग कामाचे. जी तिथी असेल तिची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती, असा कोकणातला जुना आडाखा आहे. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी साडेतीनच्या आसपास भरती. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ-सव्वानऊला किनारा मोकळा. म्हणून चतुर्थी-पंचमीची सकाळ, मग पक्ष कुठलाही असो, या फेरीला उत्तम. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी फार चढते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो, तो भांग. आडाखा ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पावसाळ्यात मात्र ही फेरी करू नये. तेव्हा समुद्र कोणाचाच हिशेब मानत नाही.

सकाळी सहाला एस. टी. स्टँडजवळ चहा घेऊन निघावे आणि आधी थिबा राजवाडा पाहावा. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचे राज्य इंग्रजांनी 1885 साली घेतले आणि त्याला आणून रत्नागिरीत ठेवले. हा वाडा 1910 च्या सुमारास बांधून झाला आणि 1916 साली राजा इथेच वारला. जवळच थिबा पॉइंट आहे. तिथून खाली काजळी नदीची खाडी, भाट्याचा पूल आणि पलीकडे माडांची हिरवी रांग दिसते. भाट्याला 1955 पासून नारळ संशोधन केंद्र आहे. आमच्या खात्यात नवीन आलेल्या माणसाचे पहिले शिक्षण बहुधा तिथेच होते. दोन माडांत साडेसात मीटर, म्हणजे पंचवीस फूट अंतर हवे, हे मी तिथेच पाठ केले. त्या पंचवीस फुटांनी माझ्या हातून एक चूक करविली, ती पुढे सांगतो.

इथून उतरले की राजिवडा. खाडीच्या कडेने तिवराची, कांदळाची झाडे चिखलात पाय रोवून उभी आहेत. आमच्या एका सोबत्याने विचारले, "साहेब, ही जागा साफ करून भात का लावत नाहीत?" मी म्हटले, "ही झाडे म्हणजे खाडीच्या काठचा जिवंत बांध आहे. मुळ्यांत गाळ अडतो, लाटेचा जोर मोडतो, आणि मासळीची पिल्ले याच मुळ्यांत वाढतात. शिवाय ती तोडणे हा गुन्हा आहे." कायद्यापेक्षा मासळीचे कारण मंडळींना जास्त पटले, असे मला दिसले.

पुढे मांडवीचा किनारा. इथली वाळू काळसर आहे, कारण तिच्यात इल्मेनाइट नावाचे जड खनिज मिसळलेले आहे. चपला हातात घेऊन ओल्या वाळूवरून चालावे. पोरांना आवरू नका, खेळू द्या. फक्त गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नका.

मांडवीहून रस्ता रत्नदुर्ग किल्ल्यावर चढतो. घोड्याच्या नालेसारखा हा किल्ला समुद्रात शिरलेला आहे आणि त्याच्या तीन बाजूंना पाणी आहे. आत भगवती देवीचे मंदिर आहे. तटाजवळच्या झुडपांकडे नीट पाहा. समुद्राकडच्या अंगाने पाने करपलेली आणि फांद्या सगळ्या जमिनीकडे वळलेल्या, जणू कोणी एकाच दिशेने कंगवा फिरवला आहे. कोणत्या दिशेचा वारा मारतो, हे विचारायला कोणत्याही केंद्रात जायला नको, झुडूपच सांगते. लाटांचे तुषार वाऱ्याबरोबर उडतात, त्यांतले मीठ पानावर बसते आणि पान कडेपासून जळत जाते. आंब्याच्या मोहोराला आणि कोवळ्या माडाला हे मीठ फार बाधते.

किल्ल्याच्या उत्तरेला उतरले की भगवती बंदर आणि मग मिरकरवाड्याचे मासेमारी बंदर. होड्या आलेल्या असतील तर इथली घाई पाहण्यासारखी. टोपल्या उतरतात, बर्फ फुटतो, लिलावाची बोली चढते. आपल्या बाजार समितीच्या आवारात सकाळी असते तेच सारे इथे. माल नाशवंत, भाव दुसऱ्याच्या हातात आणि मेहनत रात्रभराची. आमच्याबरोबरच्या टोमॅटोवाल्या शेतकऱ्याने ते पाहिले आणि एवढेच म्हणाला, "म्हणजे इथेही आपलेच भाऊबंद आहेत." याच भागात झाडगावला कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. ते 1958 साली सुरू झाले. तिथले मत्स्यालय आणि देवमाशाचा सांगाडा मुलांना अवश्य दाखवा.

मिरकरवाडा ओलांडला की पांढरा समुद्र. मांडवीच्या काळ्या वाळूनंतर ही पांढरी वाळू पाहून मंडळींना नवल वाटते. पण आता पाहायचे ते वाळूचे नव्हे, बांधाचे. इथून मिऱ्याच्या बाजूला समुद्र वर्षानुवर्षे जमीन खात आला आहे. दगडांचे बंधारे घातले, ते खचले, पुन्हा घातले. चार हातांचे सिमेंटचे मोठाले ठोकळे ओळीने टाकले आहेत, त्यांना टेट्रापॉड म्हणतात. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात बसरा स्टार नावाचे जहाज भरकटून या मिऱ्याच्या बंधाऱ्यावर येऊन आदळले आणि कित्येक वर्षे तिथेच पडून राहिले. एवढे लोखंड जो वारा काडीसारखा आणून टाकतो, त्याच्यापुढे माड काय आणि मोहोर काय!

आता माझी चूक सांगतो. या किनाऱ्यावर, इथून थोडे उत्तरेला, एका आबांची नारळाची वाडी होती. गावाचे नाव सांगत नाही. वाडीच्या समुद्राकडच्या अंगाला केवड्याची दाट जाळी आणि तिच्यामागे जुन्या उंडीच्या झाडांची रांग. मी तेव्हा पंचविशी-तिशीतला, बी. एस्सी. ॲग्री. होऊन नुकताच नोकरीला लागलेला. टेप घेऊन मापे घेतली. दोनशे फूट लांबीत पंचवीस फुटांवर आठ माड, दोन ओळींत सोळा. मी म्हणालो, "आबा, ही उंडी आणि केवडा काढा. उत्पन्न काही नाही, जागा मात्र अडली आहे. सोळा माड जास्तीचे बसतात."

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सायब, ती झाडां वाऱ्याच्या वाटणीची हायत. माझ्या वाटणीचा माड त्यांच्या मागं हाय."

मला ते अडाणीपणाचे बोलणे वाटले. मी वहीत आकडेमोड करून दाखवली. शिकलेल्या माणसाचा शब्द मोडायचा नाही, असा त्या पिढीचा स्वभाव. त्यांनी रांग काढली. सोळा रोपे मी स्वतः उभे राहून लावून घेतली आणि अहवालात तसे लिहिलेही.

रोपे जगली, पण समुद्राकडच्या झावळ्या दरवर्षी करपत. मी खते वाढवायला सांगत राहिलो. पुढे 11 नोव्हेंबर 2009 ला फयान वादळ आले. त्या वादळात या किनाऱ्यावरच्या कित्येक मच्छीमारांच्या घरी माणसे परत आली नाहीत, त्यापुढे आबांचे नुकसान ते काय! तरी सांगतो. सोळांपैकी अकरा माड आडवे झाले, आणि त्यांच्यामागचे त्यांच्या वडिलांनी लावलेले पाचही गेले. उंडीची रांग होती तोवर त्या पाचांना कधी धक्का लागला नव्हता.

मी धावत गेलो. आबा मोडलेल्या माडावर बसले होते. मला वाटले, आता शिव्या ऐकाव्या लागणार. ते म्हणाले, "वाऱ्यानं आपली वाटणी नेली, सायब." आणि सुनेला चहा ठेवायला सांगितला. तो चहा माझ्या घशाखाली उतरेना.

वाचकहो, शास्त्र चुकीचे नव्हते. वाराविरोधक पट्टा हा धडा मीही शिकलो होतो, परीक्षेत त्याला गुण मिळवले होते. झाडांच्या रांगेची जेवढी उंची, तिच्या साधारण दहापट अंतरापर्यंत मागच्या पिकाला आडोसा मिळतो. रांग भिंतीसारखी गच्चही नको, नाहीतर वारा वरून उसळून मागे भोवरा करून पडतो. थोडा वारा गाळून सोडणारी रांग चांगली. हे सारे पाठ होते. पण समोर उभ्या असलेल्या उंडीकडे पाहताना मला धडा दिसला नाही, अडलेली जागा दिसली. आबांना धडा ठाऊक नव्हता, पण वारा ठाऊक होता.

किनाऱ्याची रचना नीट पाहिलीत तर हेच दिसेल. सर्वांत पुढे वाळूवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असते. ती वाळू धरून ठेवते. समुद्राने इथवर यावे, पुढे नाही, म्हणून तिचे नाव मर्यादवेल. तिच्यामागे केवडा, त्याच्यामागे उंडी किंवा सुरू, आणि मग माड. पायरीपायरीने वारा वर उचलला जातो. एक पायरी काढली की पुढचा मार मागचीला बसतो.

हे समुद्रापुरतेच आहे असे समजू नका. केळी लावणाऱ्यांनो, बागेच्या कडेची शेवरी "नुसतीच पाणी पिते" म्हणून काढू नका. उन्हाळ्यातला गरम वारा आणि वळवाचे वादळ आधी तिच्याशी भांडते, मग तुमच्या घडाशी. द्राक्ष, डाळिंब, पपई, कोणतीही बाग असो, वारा कोणत्या अंगाने मारतो ते जुन्या झुडपांकडे पाहून ठरवा आणि त्या अंगाला एक रांग वाऱ्याच्या वाटणीची ठेवा. आणि हो, आमच्यासारखा कोणी अधिकारी वही घेऊन आला, तर त्याचे जरूर ऐका. पण तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाने मध्येच काही सांगितले, तर अधिकाऱ्याला थांबवून तेही ऐकायला लावा.

पांढऱ्या समुद्राहून बाजारपेठेत परतले की फेरी पुरी होते. बारा वाजत आलेले असतात आणि भूक सणसणून लागलेली असते. या खेपेस मात्र मी मंडळींना जेवायला पाठवून रिक्षाने त्या वाडीवर गेलो. आबा आता नाहीत. सूनबाई वाडी सांभाळतात. फयाननंतरच्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा लावलेली उंडीची रांग आता माझ्या डोक्याच्या बरीच वर गेली आहे, आणि समोर केवड्याने जाळी धरली आहे. मागच्या माडांच्या झावळ्या हिरव्यागार आहेत.

सूनबाईंनी शहाळे फोडून दिले. पैसे घेतले नाहीत. निघताना उंडीच्या ओंजळभर बिया माझ्या पिशवीत टाकल्या आणि म्हणाल्या, "कुठं रांग तोडलेली दिसली, तर तिथं लावा."

त्या बियांची रोपे मी केली आहेत. सतरा उगवली. किनाऱ्यालगत ज्यांची वाडी आहे आणि रांग तुटलेली आहे, त्यांना पुढच्या सहलीच्या वेळी देणार आहे.

पुढच्या आठवड्यात भेटूच. तोवर आपापल्या बांधावरून फेरी चुकवू नका.