देवाची तसबीर आणि आमची काटकसर

देवळाच्या शिखरावर सोन्याचा मुलामा दिलेला कळस चढवावयाचा झाला, तर आमच्या समाजात पैसा कमी पडत नाही. सभामंडपास संगमरवरी फरशी, महाद्वाराशी कमान, देणगीदारांच्या नावांची काळ्या ग्रॅनाइटवर कोरलेली पाटी, या सर्वांसाठी वर्गणी गोळा होते; आणि ती होते याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु त्याच देवाची जी तसबीर भक्ताच्या हाती प्रसाद म्हणून पडते, जी तो घरी नेऊन देव्हाऱ्यात लावतो आणि जिच्यापुढे त्याच्या घरच्या दोन पिढ्या हात जोडणार असतात, ती मात्र कोणी तरी कोणास तरी पाठविलेल्या, वाटेत झिजून गेलेल्या डिजिटल चित्रावरून, मिळेल त्या कागदावर, मिळेल त्या शाईने छापलेली असते. यास आम्ही बेपर्वाई म्हणतो. हा शब्द कोणा विश्वस्तांस कडक वाटला, तरी तो मागे घेण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

मोठ्या शहरातील वाचकांस ही तक्रार क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तिचे वजन करजगीसारख्या गावी कळते. करजगी म्हणजे कलबुर्गी जिल्ह्याच्या अफजलपूर तालुक्यातील, महाराष्ट्राच्या सीमेलगतची. (हावेरीजवळ याच नावाचे दुसरे गाव आहे, त्याच्याशी हिचा घोटाळा होऊ नये.) हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ च्या पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. जिल्ह्याचे गुलबर्गा हे नावही २०१४ साली बदलले. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि जुन्या कागदांत उर्दू व मोडी, अशा या सीमेवरच्या घरांतील मुले शिक्षणासाठी आणि पोटासाठी सोलापूर, पुणे, हैदराबाद येथे पांगली. मोडी वाचणारे हात घरात राहिले नाहीत. आजोबांचे दप्तर माळ्यावर पडून आहे आणि त्यातील एक अक्षर नातवास लागत नाही. परंतु आजोबांचा चेहरा त्यास वाचता येतो, तोही भिंतीवर फोटो असेल तरच.

देवाच्या बाबतीतही तेच. गाणगापूरचा भीमा-अमरजा संगम याच तालुक्यात असला, तरी बहुतेक घरांची कुलस्वामिनी तुळजापुरास आणि विठ्ठल पंढरपुरास. आमच्या कोकणीभाषक वाचकांस ही स्थिती समजावून सांगावयास नको. घर मंगळुरास किंवा कारवारास आणि मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा गोव्यात, हे त्यांच्याही वाट्यास आलेले आहे. किंबहुना पोर्तुगीज अमदानीत त्या देवांनाही आपले मूळ ठिकाण सोडावे लागले होते. दूर राहणाऱ्या भक्तास वर्षातील तीनशे चौसष्ट दिवस तसबीर हेच देऊळ असते.

आता ही तसबीर तयार कशी होते ते पाहावे. देवळात कोणी हौशी तरुण मोबाइलवर चित्र घेतो. आजचा साधा मोबाइलही एक कोटी वीस लाख बिंदूंचे, म्हणजे पिक्सेलांचे, चित्र सहज घेतो, तेव्हा मूळ साहित्यात काही उणे नाही. परंतु तो तरुण ते व्हॉट्सअ‍ॅपवरून मामास धाडतो. मामा मंडळाच्या गटात टाकतो. तेथून कोणी पडद्याचाच फोटो उचलतो, त्यावर शुभेच्छांची ओळ चिकटवितो आणि पुढे ढकलतो. प्रत्येक टप्प्यावर चित्र लहान होते आणि पुन्हा दाबले जाते. व्हॉट्सअ‍ॅपच्या नेहमीच्या रीतीने पाठविलेल्या चित्राची लांब बाजू साधारण सोळाशे बिंदूंवर येते. अधिक स्पष्ट चित्र पाठविण्याची सोय २०२३ साली झाली, ती वापरणारे थोडे. शेवटी ते चित्र स्टुडिओवाल्याच्या हाती पडते आणि त्यास सांगितले जाते, "बारा बाय अठराची काढा."

येथे थोडे गणित केले पाहिजे. हातात धरून पाहावयाच्या उत्तम प्रतीस इंचामागे तीनशे बिंदू लागतात असे धरले जाते. बारा बाय अठरा इंचांस ३६०० गुणिले ५४००, म्हणजे एक कोटी चौऱ्याण्णव लाख बिंदू झाले. भिंतीवरील तसबीर चार हातांवरून पाहावयाची असते, म्हणून दोनशे चालतील असे उदारपणे मानले, तरी शहाऐंशी लाख हवेत. आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या वाटेने आलेल्या चित्रात असतात सतरा लाख, इंचामागे जेमतेम एकोणनव्वद! मग देवीच्या नथीचे मोती एकमेकांत वितळतात, डोळ्यांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या होतात आणि शालूच्या जरीच्या जागी चौकटी उमटतात. या चौकटींस कारणही आहे: जेपेग नावाची जी रीत १९९२ पासून प्रमाण मानली गेली, ती चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे तुकडे पाडून त्यांतील बारीक तपशील टाकून देते, आणि एकदा टाकलेले परत येत नाही. "पण मोबाइलवर तर स्वच्छ दिसते!" हे उत्तर आम्ही अनेक विश्वस्तांच्या तोंडून ऐकले आहे. तळहाताएवढ्या काचेवर काय स्वच्छ दिसत नाही?

बिंदूंची गोष्ट निदान मोजता येते. रंगाच्या बाबतीत जो अन्याय होतो, तो मोजता येत नाही, म्हणून त्याची दादही लागत नाही. आमच्या बहुतेक मूर्ती काळ्या पाषाणाच्या. गाभाऱ्यात समईचा पिवळा उजेड, त्यात तेलाने तुकतुकणारा काळा दगड, वर चांदीचा मुकुट, कपाळी कुंकू, गळ्यात झेंडूचा हार. छायाचित्रकारास याहून कठीण विषय सापडणे दुर्मिळ. कॅमेऱ्याचे मापक समोरचे दृश्य सरासरी करड्या छटेचे आहे असे धरून चालते. पुढे काळी मूर्ती आली की त्यास वाटते उजेड कमी पडला, आणि ते तिला उजळविते. त्यावर छपाईच्या यंत्रातील आपोआप सुधारणा आणखी एक हात फिरविते. परिणामी सावळा विठ्ठल राखेच्या रंगाचा होऊन बाहेर येतो आणि चांदीचा मुकुट पांढऱ्या कागदात विरून जातो. पुष्कळांस तो उजळ विठ्ठल आवडतोही. लग्नाच्या फोटोत नवरी गोरी करून मागण्याची सवय देवापर्यंत पोहोचली आहे, दुसरे काय!

याचा उपाय अवघड नाही. छपाई करणाऱ्यास स्पष्ट सांगावे की, यंत्राची आपोआप सुधारणा बंद ठेवा. पडदा स्वतःच्या उजेडाने चमकतो आणि कागद बाहेरच्या उजेडावर दिसतो, म्हणून पडद्यावर दिसणारे प्रत्येक तेज कागदावर उतरत नाही. झेंडूचा केशरी आणि कुंकवाचा लाल हे त्यांतले हट्टी रंग. चांगला छपाईवाला आपला पडदा मापून घेतो, आणि ज्या कागदावर छापावयाचे त्या कागदाचा रंगनकाशा आधी लावून पाहतो. मोठी प्रत काढण्यापूर्वी पोस्टकार्डाएवढा एक ठसा काढून घ्यावा आणि तो दुकानातील दिव्याखाली न पाहता दिवसाच्या उजेडात पाहावा. दगड काळा आहे काय, आणि त्या काळ्यात घडीव रेषा दिसतात काय, एवढे दोनच प्रश्न विचारावेत.

कागद व शाई यांविषयी थोडक्यात सांगतो. चांदीच्या क्षारांचा लेप असलेल्या कागदावर लेसरने चित्र उमटवून ते रसायनांतून काढण्याची जुनी रीत अजून चालू आहे आणि घरगुती फोटोंस ती पुरते. दुसरी रीत शाईची. तिच्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई स्वस्त आणि झगझगीत, पण उन्हाने व हवेने लवकर उडणारी. घन रंगकणांची शाई महाग, पण आम्लविरहित कापसी कागदावर ती पिढ्या टिकावी अशी केलेली. देव्हाऱ्यासाठी आणि पूर्वजांसाठी हीच घ्यावी. काच चित्रास चिकटू देऊ नये, मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट ठेवावी. पावसाळ्यात ओल धरून काचेस चिकटलेला चेहरा सोडविताना फाटतो. हळदकुंकू काचेवर लावावे, उदबत्ती हातभर दूर लावावी.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, देव भावाचा भुकेला आहे, त्यास कागदाची प्रत काय करावयाची? भाव पुरेसा असेल, तर कळसास मुलामा तरी कशास? नैवेद्याच्या खिरीत आपण नासलेले दूध घालीत नाही आणि भावाकडे बोटही दाखवीत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो करजगीकराच्या तोंडी खरा वाटतो, विश्वस्तांच्या तोंडी नाही. उत्सवाच्या आठवड्यात पुढाऱ्यांच्या मुखड्यांचे जे फ्लेक्स गावोगाव लटकतात, त्यांतल्या दहांच्या पैशांत एक उत्तम प्रत निघते. शिवाय कर्नाटक सरकारने २०१६ साली प्लॅस्टिकवर जी बंदी घातली, तिच्यात फ्लेक्सही होते. ती बंदी कोणी पाळली, हा प्रश्न आम्ही येथे विचारीत नाही. अफजलपुरात किंवा अक्कलकोटात अशी छपाई न मिळाली, तर सोलापूर, पुणे, बेंगळूर येथे मूळ चित्र पाठवून प्रत नळीत गुंडाळून टपालाने मागविता येते. मात्र मूळ चित्र पाठवावे: पेनड्राइव्हवर, किंवा दस्तऐवज म्हणून, म्हणजे ते वाटेत दाबले जात नाही.

आणखी एक नवे संकट दाराशी आले आहे. जुना, पुसट, दोन इंची फोटो घेऊन गेले की दुकानदार तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनातून काढतो आणि क्षणात टवटवीत, रेखीव, रंगीत आजोबा हाती देतो. घरची मंडळी हरखून जातात. परंतु जे तपशील मूळ फोटोत नव्हते, ते यंत्राने आणले कोठून? इतर असंख्य चेहरे पाहून केलेल्या अटकळीने ते भरलेले असतात. ते डोळे आजोबांचे नव्हेत. तो जबडा कोणाचाही असेल. ज्या घरात त्यांस पाहिलेले शेवटचे माणूस हयात आहे, तेथे निदान कोणी तरी म्हणेल, "हे ते नव्हेत." ते माणूस गेल्यावर हाच खोटा चेहरा श्राद्धाच्या दिवशी पाटावर बसणार आहे. पुसट असला तरी खरा चेहरा बरा, असे आमचे मत आहे. फार तर डाग आणि चिरा काढाव्यात, आणि मूळ फोटो जसाच्या तसा स्कॅन करून वेगळा ठेवावा.

मूळ ठेवणे, येथेच सारे येऊन थांबते. निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ १९०५ साली वारले. त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ साली घेतल्या. काच जपली गेली म्हणून त्यांवरून नवे ठसे निघू शकतात. आपल्या समाजासही ही कला नवी नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तेथे हौसेने छायाचित्रे काढणाऱ्यांत मूळच्या मांद्र्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी होते. त्या काळी काचेवर ओले रसायन फासून, ते वाळण्यापूर्वी चित्र घ्यावे लागे. आज बोटाच्या एका स्पर्शाने चित्र निघते, आणि दुसऱ्या स्पर्शाने, मोबाइलमध्ये जागा नाही म्हणून, पुसलेही जाते.

म्हणून देवस्थान समित्यांपुढे आमची मागणी ठेवतो. गाभाऱ्यात कोणासही चित्र घेऊ देऊ नये, असा नियम असेल तर तो खुशाल असावा. परंतु मग समितीनेच जाणत्या छायाचित्रकाराकडून वर्षातून एकदा, पूजा बांधून, तिपाईवर कॅमेरा ठेवून चित्रे घ्यावीत, मूळ फाइली तीन ठिकाणी ठेवाव्यात, त्यांतील एक गावाबाहेर, आणि भक्तांस त्यांवरूनच प्रती द्याव्यात. जीर्णोद्धाराचा ठराव झाला की गवंडी येण्यापूर्वी जुन्या देवळाचा खांबन् खांब टिपून घ्यावा. सिमेंटचा सभामंडप उभा राहिल्यावर जुना लाकडी मंडप कसा होता, हे सांगावयास पुष्कळ गावी आज एक धड फोटो नाही. आणि प्रत्येक प्रतीच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने देवाचे किंवा माणसाचे नाव, वर्ष आणि ठिकाण लिहावे. नुसते 'करजगी' लिहून चालणार नाही. तालुका अफजलपूर, जिल्हा कलबुर्गी, असे पुरते लिहावे.