कोयता, गडी, वेठ: कष्टांना खऱ्या नावाने हाक मारा

दिवाळीच्या आगेमागे पुणे जिल्ह्यातल्या केडगाव, वरवंड, पाटस या भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरू लागतात. बीड, जालना, अहिल्यानगरकडच्या या माणसांची मोजदाद एकाच शब्दात होते. 'किती कोयते आले?' असे विचारल्यावर मुकादम 'दहा' म्हणाला, की ऐकणारा वीस माणसे धरतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असला, तर तो अर्धा कोयता.

फडात पहाटेच काम सुरू होते. ऊस बुडख्यापासून तोडायचा, वाढे छाटायचे, पाचट काढायचे, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. रात्री ट्रक आला तर रात्री भरायचा. बाई पुरुषाच्या बरोबरीने राबते आणि वर कोपीतला स्वयंपाक, पाणी, पोरे सांभाळते. हिशेबाच्या वहीत मात्र बहुधा नवऱ्याचेच नाव असते. 'कोयता' या शब्दात बाई पुरती दिसेनाशी झाली आहे.

कोयत्यामागोमाग येते 'उचल'. हंगामाआधी मुकादमाकडून जोडप्याने घेतलेली ही रक्कम टनामागच्या दराने तोडणी करून फेडायची असते. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या सालावर जाते आणि बाकीबरोबर माणूसही त्याच मुकादमाकडे जातो. त्यातच 'खाडा'. कामावर न गेलेल्या दिवसाचा दंड कापला जातो, मग तो दिवस तापाचा असो की पाळीचा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला, तेव्हा त्यामागे या खाड्याची धास्तीही असल्याचे पुढे आले.

कष्टकऱ्याला नाव देताना मराठी त्याचे स्वतःचे नाव सहज काढून घेते. 'गडी' म्हणजे खरे तर माणूस, खेळातला सोबती. शेतावर आला की तोच सालगडी होतो, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एका मालकाचा. 'बाई' म्हणजे स्त्री, पण 'आमच्याकडे बाई येते' म्हटले की अर्थ बदलतो. हॉटेलातला 'पोऱ्या' वयाने मोठा झाला तरी पोऱ्याच राहतो. 'गुलाम' या अरबी शब्दाचाही मूळ अर्थ मुलगा किंवा तरुण असाच. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. इथल्या शूद्रातिशूद्रांच्या दास्याला तितकेच जड नाव लागते, हे त्यांनी ओळखले होते.

ठाणे जिल्ह्यात आणखी एक शब्द होता, 'लग्नगडी'. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतलेला वारली तरुण त्या पैशापायी वर्षानुवर्षे सावकाराच्या शेतावर खपायचा आणि त्याची बायकोही त्याच्याबरोबर बांधली जायची. 1945 मध्ये गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारली उठले, ते ही वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडायला. लग्नगडी आणि ऊसतोडीचा कोयता यांच्यामध्ये मोठा काळ गेला आहे. पण आगाऊ रक्कम द्यायची आणि तिच्यापायी जोडप्याचे श्रम बांधून घ्यायचे, ही रीत ओळखीची वाटावी इतकी सारखी आहे.

या रीतीला मराठीत जुना शब्द आहे, 'वेठबिगार'. 'वेठ' संस्कृतातल्या 'विष्टि'वरून आली, 'बिगार' फारसीतून. दोन्हींचा अर्थ एकच, जबरीने करून घेतलेले काम. राज्ये बदलली, दरबारची भाषा बदलली, पण गावकुसाबाहेरच्या माणसाचे ओझे तेच राहिले. महार वतनातली ही सक्ती संपवण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, 1958 मध्ये झाला. संविधानाच्या 23व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला बंदी केली आणि त्याच्या इंग्रजी मजकुरातही 'बेगार' हा देशी शब्द तसाच ठेवला गेला.

असा इतिहास असलेला शब्द आज वर्तमानपत्रांत नेमका उलटा वापरला जातो. एसटी कर्मचाऱ्यांनी संप केला, 'प्रवाशांना वेठीस धरले'. सफाई कामगार कामावर आले नाहीत, 'शहर वेठीस'. संपाने लोकांचे हाल होतात आणि ते छापलेही पाहिजेत. पण ज्याने नको त्या अटींवर राबायला नकार दिला, त्याच्यावरच वेठीचा आरोप करणे हा अन्याय आहे. फडात उचलीपायी बांधल्या गेलेल्या जोडप्याला मात्र त्याच वर्तमानपत्रात साधे 'मजूर' म्हटले जाते.

कष्टांना खरे नाव दिल्याने काय फरक पडतो, हे केडगावाला तरी समजावून सांगावे लागू नये. पंडिता रमाबाईंनी इथेच मुक्ती मिशन उभे केले. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुली आणि विधवा इथे आल्या. रांधा, वाढा, उष्टी काढा यात जन्म जायचा, अशा घरांतल्याही काही जणी त्यांत होत्या. इथे त्या विणकाम शिकल्या, शेती शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले. साध्या बाईलाही कळेल अशी मराठी त्यात असावी, हा त्यांचा आग्रह होता. घरात बिननावाने चाललेल्या बायकांच्या कष्टांना त्यांनी हुन्नराचे नाव मिळवून दिले.

नावाने मान कसा येतो, हे याच परिसरातल्या गुऱ्हाळांवर दिसते. रसाचा रंग आणि काकवीची तार पाहून काहील कधी उतरवायची हे ठरवणारा तो 'गुळव्या'. त्याच्या शब्दाशिवाय ढेप पडत नाही. ऊसतोडीतही कसब लागते. बुडखा जमिनीलगत न तोडल्यास शेतकऱ्याचे वजन जाते आणि खोडवाही नीट फुटत नाही. तरी तोडणाऱ्याला त्याच्या कसबाचे नाव नाही, हत्याराचे आहे.

म्हणून पहिली मागणी संपादकांकडे आहे. 'वेठीस धरणे' संपकऱ्यांसाठी वापरू नका, तो शब्द जबरीच्या कामासाठीच राखा. दुसरी मागणी सरकारकडे आहे. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याप्रमाणे, आगाऊ रकमेच्या बदल्यात दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य गेले, तर ती वेठबिगारी ठरते आणि ते कर्ज फेडण्याची जबाबदारी उरत नाही. किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे हीसुद्धा सक्तीच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये सांगितले आहे. या कायद्याखाली जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समित्या असायला हव्यात. त्यांनी हंगामाच्या सुरुवातीलाच फडावर जावे, उचल किती, दर काय आणि दुसऱ्या मुकादमाकडे जायची मोकळीक आहे का, हे विचारून लिहून घ्यावे. कारखान्याच्या नोंदीत 'एक कोयता' ऐवजी दोन नावे असावीत, आणि बाईची मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावी.