थांबलेल्या मागाची मजुरी

भिवंडीच्या यंत्रमाग उद्योगाची चर्चा निघाली की सुताचे भाव, विजेचे दर आणि कापडाची मंदी यांचीच उजळणी होते. एका पिकरसाठी बंद पडलेला माग आणि त्यापुढे रिकाम्या हाताने उभा राहिलेला कामगार यांचा उल्लेख त्या चर्चेत क्वचितच येतो. वस्तुतः या उद्योगातील वर्गसंबंध सुट्या भागांच्या प्रश्नाइतके स्पष्टपणे अन्यत्र दिसत नाहीत.

साधा यंत्रमाग धोट्यावर चालतो. बाण्याची कांडी पोटात घेतलेला धोटा ताण्याच्या धाग्यांमधून मिनिटाला शंभराहून अधिक वेळा या टोकाहून त्या टोकाला फेकला जातो. त्याला धक्का देणारा ठोकळा म्हणजे पिकर. पूर्वी तो कच्च्या चामड्याचा असे, पुढे प्लॅस्टिकचा आला. अखंड आघातांनी तो झिजतो. झिजलेल्या भागामुळे धोट्याची दिशा चुकली तर तो मागाबाहेर उडून माणसाला जायबंदी करू शकतो. वेळेवर न मिळालेला सुटा भाग ही म्हणूनच केवळ उत्पादनाची अडचण नव्हे.

भिवंडीतील पुष्कळ माग मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्यांचे बरेचसे काम यंत्रमागांकडे वळले. माग आले, काम आले. परंतु गिरणीतील सुट्या भागांचे भांडार आणि दुरुस्ती खाते मात्र आले नाही. ती उणीव भिवंडीच्या जॉबरने, लेथवाल्याने आणि ओतकाम करणाऱ्याने भरून काढली. मोडलेला भाग नमुना म्हणून पुढे ठेवायचा आणि तसाच दुसरा घडवायचा, किंवा भंगारात निघालेल्या मागाचे अवयव काढून दुसऱ्याला बसवायचे, ही त्यांची विद्या. तिला ना प्रमाणपत्र, ना प्रतिष्ठा.

भाग मिळेपर्यंतच्या तासांची किंमत कोण मोजतो? विणकराला मजुरी कापडाच्या मीटरवर. माग थांबला की मजुरी थांबली. खोलीचे भाडे आणि खानावळीचे बिल मात्र थांबत नाही. यंत्रबिघाडामुळे काम न मिळालेल्या कामगाराला निम्मे वेतन देण्याची तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती. परंतु पन्नासांहून कमी कामगारांचे कारखाने तीतून वगळलेले होते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही ती मर्यादा कायम ठेवली. एकाच मालकीचे माग निरनिराळ्या नावांवर वाटण्याची रीत जिथे रुळलेली आहे, तिथे अशी तरतूद कारखान्याच्या दारातच अडते.

जुने माग मोडा आणि हवेच्या झोतावर चालणारे नवे माग आणा, हे यावरचे ठरलेले उत्तर. त्या मागांत धोटा नसतो. संकुचित हवा बाण्याचा धागा वाहून नेते. वेग अनेक पट, कापडही सरस. हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु असे माग बनविणाऱ्या प्रमुख कंपन्या जपान, बेल्जियमसारख्या देशांतल्या. उद्या झोताची नळी किंवा विद्युत्-नियंत्रक बिघडला तर भिवंडीच्या लेथवर तो घडणार नाही. परावलंबन संपत नाही, केवळ महाग होते.

१ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारने पॉवरटेक्स योजनेचा प्रारंभ भिवंडीतच केला. साध्या मागांवर सुधारित जोडण्या बसविण्यासाठी तीत अनुदान होते. ते मागधारकासाठी होते. थांबलेल्या तासांच्या मजुरीचा प्रश्न होता तिथेच राहिला.

म्हणून मागणी दुहेरी असली पाहिजे. यंत्रमाग सेवा केंद्रांतून सुट्या भागांचे प्रमाणित नमुने आणि दुरुस्तीची सोय मिळावी, आणि जॉबरच्या कौशल्याला मान्यता मिळावी. त्याचबरोबर, कामगारांची संख्या कितीही असो, यंत्र थांबल्याची भरपाई विणकराला कायद्याने मिळावी. यंत्राच्या मालकीचा नफा ज्याचा, यंत्राच्या बिघाडाचा तोटाही त्याचाच, हे साधे तत्त्व आहे. ते प्रस्थापित करण्याचे काम भिवंडीच्या संघटित कामगारांनाच करावे लागेल.