कुजण्याजोगी पिशवी

'कंपोस्टेबल' या शब्दाऐवजी आपल्याकडे सरसकट 'विघटनशील' असे लिहिले जाते. भाषेच्या अभ्यासकांनी या 'शील'पाशी क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. 'शील' लागले की तो गुण वस्तूचा स्वभाव ठरतो. सहनशील मनुष्य अनुकूल प्रसंगाची वाट पाहत बसत नाही. राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली, तेव्हापासून ओल्या कचऱ्यासाठी आम्ही ज्या फिकट हिरव्या पिशव्या विकत आणतो, त्यांचा स्वभाव असा नाही. त्या फार तर 'विघटनक्षम' आहेत, किंवा साध्या मराठीत कुजण्याजोग्या. त्या 'जोग्या'त सगळी गोम आहे, कारण योग जुळून यावा लागतो.

हा योग कोणता, ते मानकातच नमूद आहे. भारतात अशा प्लास्टिकला आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक लागू होते. त्यानुसार पदार्थातील ९० टक्के कार्बनचे १८० दिवसांच्या आत कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते, आणि ही परीक्षा होते सुमारे ५८ अंश सेल्सियस तापमानात. मोठ्या खतप्रकल्पातला ढीग स्वतःच्या उष्णतेने एवढा तापतो. आमच्या गॅलरीतले मडके तापत नाही. त्यात भाजीची देठे आणि चहाचा चोथा यांचे काही महिन्यांत काळेभोर खत झाले, पिशवीच्या मात्र चिंध्या उरल्या. कचराभूमीवर दाबल्या गेलेल्या थरांत तर हवाही धड पोहोचत नाही. 'मक्यापासून बनविलेली' हे वेष्टनावरचे वाक्यही अर्धेच खरे असते. पिशवी लवचीक व्हावी म्हणून तीत बहुधा पीबीएटी नावाचे बहुवारिक मिसळतात. ते कुजते, पण त्याचा कच्चा माल सहसा खनिज तेलातून येतो.

या पिशवीसाठी आम्ही साध्या पिशवीच्या तिप्पट-चौपट पैसे मोजत आलो. कलिंगडाच्या साली भरल्या की ती तळाशी फाटते. मग एकीत दुसरी घालावी लागते, आणि तिप्पट म्हणता म्हणता सहापट होते.

येथे कोणीही पत्रावळीची आठवण काढील. आम्हीही काढली. पळसाच्या पानांची, काड्यांनी टाचलेली पत्रावळ उकिरड्यावर पडली की तिची माती होई, त्यासाठी मानक लागत नसे. ती खरोखर विघटनशील होती. (पुढे रुपेरी मुलामा दिलेल्या कागदी ताटलीलाही आपण पत्रावळच म्हणू लागलो. शब्द टिकला, गुण गेला.) परंतु पत्रावळीच्या स्वस्ताईचे गोडवे गाताना आपण एक हिशेब विसरतो. रानातून पाने आणणाऱ्या आणि दुपारभर टाचत बसणाऱ्या बायकांच्या श्रमाला कोणी फारसे मोल देत नसे, म्हणून ती स्वस्त होती.

हे आम्हांला सुचले ते स्वतःच्या घरात. पिशव्या बंद करून आम्ही झाकणाच्या बादलीत वर्तमानपत्राचा कागद घालू लागलो, आणि महिन्याचा खर्च वाचला म्हणून समाधान पावलो. पंधरा दिवसांनी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी विचारले, "त्या हिरव्या पिशव्या संपल्या का हो?" वाचलेल्या पैशांची किंमत त्यांचे हात देत होते. बरबटलेली बादली त्याच धूत होत्या.

तेव्हापासून बादली आम्ही धुतो. खतप्रकल्प असलेल्या वसाहतीत राहणाऱ्यांनी खुशाल हिरवी पिशवी वापरावी, तेथे तिला तिचा योग लाभतो. आमच्याकडे तो नाही. भांड्यांसाठी काथ्या आणि वाळलेले घोसाळे मात्र आम्ही घरात आणले आहे. दोन्ही स्वस्त, कामाला चोख, आणि कुजायला कितीही वेळ लावोत, त्यांची आमची काही तक्रार नाही. पावसाळ्यात तेवढा कागद भिजून बादलीच्या तळाला चिकटतो, नखांनी खरवडावा लागतो, आणि फडताळात उरलेल्या पिशव्यांच्या गुंडाळीकडे नजर जाते. तीत अजून दहा-बारा पिशव्या आहेत.